रकाना नऊ

मंगळवार, १२ मे

काय घडलं ते आधी. मला काय वाटतं ते नंतर, जागा उरली तर.

१. काल आमच्या मतदारसंघाची मतमोजणी क्रीडागृहात झाली.

२. मतपत्रिका पहिल्यांदाच हाताने न मोजता काट्यावर मोजल्या. एका मतपत्रिकेचं वजन काट्यात आधी भरून ठेवलेलं असतं. त्यावरून गड्डीत किती कागद आहेत ते तो दाखवतो. आकडा शंभर झाला की गड्डी बांधायची.

३. ही पद्धत आमच्या विद्यापीठाच्या वजनमाप प्रयोगशाळेने सुचवली. काटे मी तपासले. प्रमाणपत्रावर सही माझी.

४. एका मतपत्रिकेचं वजन मी २.५०० ग्रॅम धरलं.

५. उमेदवार दोन. निवृत्त शिक्षिका: ४५३७. ट्रकमालक: ४४७६. फरक ६१.

६. बेरीज ९०१३. बाद मतपत्रिका वगळून मतदान केंद्रांच्या नोंदीही ९०१३.

७. बाकी प्रांतात दोन्ही आघाड्यांच्या जागा सारख्याच आल्या आहेत. ही जागा ज्यांची, सरकार त्यांचं. म्हणजे सरकार शिक्षिकांच्या आघाडीचं.

८. ती आघाडी विद्यापीठांना दरवर्षी ठरलेलं अनुदान देणार. दुसरी आघाडी म्हणते, प्रयोगशाळांनी स्वतःच्या फीवर चालावं. फीवर आमची प्रयोगशाळा चालत नाही. माझी नेमणूक अनुदानातून आहे.

मला काय वाटतं: बरं वाटलं. बेरीज इतकी नेमकी जुळेल असं मात्र वाटलं नव्हतं. चार-पाच कागद इकडेतिकडे होतील असं मी धरून चालले होते.

आई शाळेत कारकून आहे. चिठ्ठीत तिचं नाव निघालं आणि कालची ड्यूटी लागली, तीही पहिल्या टेबलावर, शिक्षिकांच्या गठ्ठ्याला. घरी आल्यावर म्हणाली, "माझं टेबल कूलरच्या तोंडाशी होतं. पाणी भरलेला कूलर, मस्त गार. दुसऱ्या टेबलाचे लोक उघड्या दाराशी उन्हाच्या झळा खात बसले होते बिचारे."

मी म्हटलं, "हं."

"कागदसुद्धा कसे मऊ लागत होते हाताला."

मी जेवायला वाढून घेतलं. आईला कामाच्या गोष्टी सांगाव्यात तर तिचं सगळं लक्ष असल्या तपशिलांकडे.

बुधवार, १३ मे

काटे परत आले. आणून देणारा ट्रक हरलेल्या उमेदवाराचाच होता. विद्यापीठाची वाहतूक बरीच वर्षं त्यांच्याकडे आहे. स्वतः ट्रकवाले पुढच्या सीटवरून उतरले. मला वाटलं होतं माणूस तोंड पाडून येईल. त्यांनी काट्याच्या पेटीवर थाप मारली आणि म्हणाले, "तुमच्या काट्यावर आम्ही हलके भरलो."

आमचे यंत्रदुरुस्तीवाले काका म्हणाले, "शेठ, जरा जास्त जेवायला हवं होतं."

ट्रकवाले हसले. मग सरांच्या केबिनमध्ये चहा झाला. सर प्रयोगशाळेचे प्रमुख आहेत. मतपत्रिका तोलण्याची कल्पना त्यांचीच. तीन वर्षं ते ही फाइल घेऊन सरकारी जिने चढत होते. आपण उपयोगी आहोत हे एकदा दिसू दे, म्हणजे अनुदानासाठी दरवर्षी दारात उभं राहावं लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

ट्रकवाले म्हणाले, "सर, राग मानू नका. मी माझे ट्रक तुमच्या काट्यावर तोलून घेतो, फी देतो. गिऱ्हाइकाने पैसे द्यावेत, काम करून घ्यावं. सरकार मध्ये कशाला?"

"आणि एखाद्या दिवशी तुमच्या ट्रकमध्ये माल जास्त भरलाय असं आम्ही लिहून दिलं तर?"

"तर दुसऱ्या लॅबकडे जाईन," असं म्हणून ते मनापासून हसले. सरही हसले. मी हसले नाही. मला त्यात विनोद दिसला नाही.

गुरुवार, १४ मे

निवडून आलेल्या बाई प्रयोगशाळा पाहायला आल्या. त्यांनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. हारतुरे नकोत असं आधीच कळवलं होतं. सगळ्या खोल्या पाहिल्या, प्रत्येक ठिकाणी "हे का?" असं विचारलं. प्रमाण वजनांच्या कपाटापाशी बराच वेळ थांबल्या.

मला म्हणाल्या, "काटे तू तपासलेस?"

"हो."

"मग सांग, माझी ती एकसष्ट माणसं कोणती? घरी जाऊन पाया पडले असते."

"काटा नावं सांगत नाही," मी म्हटलं.

"वर्गात मी पोरांना सांगायचे, उत्तर बरोबर आलं म्हणून मार्क नाहीत, रीत दाखवा. पोरं वैतागायची." सरांकडे वळून म्हणाल्या, "अनुदानाचं मी पहिल्याच महिन्यात मांडणार आहे. शब्द देते."

त्या गेल्यावर सर व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले. अनुदानातून बांधायच्या नवीन कोरड्या खोलीचा नकाशा त्यांनी आजच काढला. मी त्यांना इतकं आनंदात पाहिलेलं नाही. चष्मा डोक्यावर ठेवून तोच चष्मा दोनदा शोधला.

काका मला म्हणाले, "मिलिग्रॅमबाई, आज तरी हसा. कायम झालात म्हणून समजा."

मिलिग्रॅम हे नाव मला पहिल्या वर्षी पडलं. मला ते चालतं.

शुक्रवार, १५ मे

आईकडे एक छोटी डबी आहे, आत ओला स्पंज. शाळेत कागद मोजताना बोट ओलं करायला वापरते. आज तिने ती माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"मोजणीला नेली होती. मला दिवसभरात एकदाही उघडावी लागली नाही."

"बरं."

"एकदाही नाही. एरवी मला पन्नास कागद मोजायचे तरी लागते. आणि दाराशी बसलेल्या माझ्या मैत्रिणीचे कागद नुसते कडकड वाजत होते. बोटांतून निसटत होते. ती मागत होती माझी डबी."

"मग द्यायची होतीस."

आईने माझ्याकडे पाहिलं. "दिली. ही तुझ्याकडेच राहू दे. लॅबमध्ये लागेल."

मला स्पंज कशाला लागणार, असं मी विचारलं. ती कपडे घड्या घालायला निघून गेली. डबी ऑफिसच्या पिशवीत टाकली, म्हणजे विषय संपेल.

शनिवार, १६ मे

सुट्टी. तरी गेले. जे घडलं ते क्रमाने लिहिते.

सकाळी प्रमाणपत्राची प्रत फाइलला लावत होते. आमचा छापील नमुना जुना आहे, बाजारातल्या लोखंडी वजनांसाठी केलेला. रकाना आठ: तापमान. रकाना नऊ: हवेतली आर्द्रता. रकाना नऊमध्ये मी "लागू नाही" असं लिहिलं होतं. पाच वर्षं प्रत्येक प्रमाणपत्रात तेच लिहीत आले आहे. लोखंड पाणी पीत नाही.

कागद पितो.

पिशवीतली डबी काढून समोर ठेवली. दमट हवेत कागद जड होतो, कोरड्या हवेत हलका. हे मला माहीत आहे. परीक्षेत लिहिलेलं आहे, मार्कही मिळाले आहेत.

छापखान्याने नमुन्यासाठी दिलेल्या दोनशे कोऱ्या मतपत्रिका कपाटात होत्या. काकांना फोन केला. ते जेवणावरून उठून आले आणि कार्यशाळेतला कूलर ढकलत आणला. "काय झालं?" एवढंच विचारलं. "अजून माहीत नाही," म्हटलं. त्यांनी कूलरमध्ये पाणी भरलं.

शंभर कागद कूलरच्या वाऱ्यात, शंभर उघड्या खिडकीत. दोन तासांनी तोलले. कूलरजवळच्या शंभर कागदांना काटा १०१ म्हणाला, खिडकीतल्यांना ९९. सगळे मी तीनदा हाताने मोजले होते. दोन्हीकडे शंभरच होते.

नेमका फरक हजारात आठच्या आसपास. सहाही असेल, नऊही असेल. क्रीडागृहातली हवा आज मला मोजता येत नाही.

आता हिशोब. आईच्या टेबलावर ९९ कागदांची गड्डी शंभरची म्हणून बांधली गेली. दाराजवळच्या टेबलावर १०१ कागदांची. शिक्षिकांची मतं खरी असतील त्याहून जास्त दिसली, ट्रकवाल्यांची कमी. हजारात आठ धरले तर शिक्षिका ४५०१, ट्रकवाले ४५१२. सहा धरले तर शिक्षिका सात मतांनी पुढे.

बेरीज दोन्ही वेळा ९०१३. एका बाजूला जितके वाढले, तितकेच दुसऱ्या बाजूला घटले. म्हणून जुळली. म्हणून कुणी पुन्हा पाहिलं नाही. मीसुद्धा.

कोण निवडून आलं, हे मला माहीत नाही. प्रमाणपत्र देणारी मी, आणि मला माहीत नाही.

काकांनी कूलर बंद केला. म्हणाले, "हवा बदलली तरी कागद तेवढेच राहणार ना? हाताने मोजले की कळेल."

रविवार, १७ मे

न सांगण्याची कारणं:

सर दोन महिन्यांनी निवृत्त होणार आहेत. तीन वर्षांचं काम एका वाक्यात बुडेल.

ट्रकवाले आले तर अनुदान बंद. प्रयोगशाळा बंद. काका, मी, पुढची मुलं.

पहिल्या टेबलाच्या नोंदीवर आईची सही आहे.

शिक्षिका जिंकल्याही असतील. शक्यता जवळजवळ निम्मी आहे. मग विनाकारण गोंधळ.

मी गप्प राहिले तर काय होईल? काहीच होणार नाही. याचीच जास्त भीती वाटते.

सरकार आम्हाला पैसे देतं. आणि सरकार आमच्या काट्यावर निवडलं जातं. या दोन वाक्यांच्या मध्ये जेवढी जागा आहे तेवढ्यात मी बसले आहे. ट्रकवाल्यांची पद्धत असती तरी काय? निवडणूक कार्यालयाने फी दिली असती आणि माझी चूक मीच सांगितल्यावर ते दुसऱ्या लॅबकडे गेले असते. पैसे कुठूनही येवोत, देणाऱ्याला न आवडणारं एखादं वाक्य कधीतरी लिहावं लागतंच. ते माझ्यावर आलं. पाच वर्षं आलं नव्हतं, एवढंच.

निकालाविरुद्ध तक्रार करायची मुदत पंधरा दिवस. २६ तारखेला संपते. त्यानंतर मतपत्रिका नष्ट करतात.

दुपारी आईने विचारलं, "डबी लागली का?"

"लागली," मी म्हटलं. मग ती कपडे वाळत घालताना गुणगुणत होती. तिला कशाचा आनंद झाला कळलं नाही.

सोमवार, १८ मे

सरांना सांगितलं. दोन पानं लिहून नेली होती, आकड्यांसकट. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"बेरीज जुळली होती," ते म्हणाले.

"हो सर. म्हणूनच दिसलं नाही."

"पद्धत मी सुचवली. कागदाच्या ओलाव्याचा विचार मी करायला हवा होता."

"रकान्यात मी लिहिलं."

"नमुना माझ्या आधीच्या प्रमुखांनी छापून घेतला होता. त्यांनाही पत्र लिहूया का?" त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "तुला कळतंय ना, ट्रकवाले आले तर ही खोलीसुद्धा राहणार नाही. आणि बाई राहिल्या, तरी त्यांच्या विजयावर आपण बोट ठेवलं हे त्या विसरतील?"

"माहीत नाही, सर."

"आधी बाईंना खासगीत सांगून पाहू. समजूतदार आहेत."

"नाही," मी म्हटलं. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला. "दोघांना एकाच वेळी, नाहीतर कुणालाच नाही. एकाला आधी सांगितलं तर तो पुन्हा एकाच टेबलाजवळचा कूलर झाला."

त्यांनी दोन्ही पानं घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "आज तू घरी जा."

तीन वाजले होते. मी नेहमीप्रमाणे साडेपाचला निघाले. त्यांच्या केबिनचं दार बंदच होतं. बहुतेक ते नाही म्हणतील. तसं झालं तर पत्र एकटीच्या सहीने पाठवावं लागेल. ते लिहून ठेवलं आहे. भीती वाटते, हेही लिहून ठेवते.

मंगळवार, १९ मे

सर माझ्या आधी आले होते. माझ्या टेबलावर प्रमाणपत्राचा नवा नमुना टाइप करून ठेवला होता. रकाना नऊ: "हवेतली आर्द्रता. वस्तू तोलताना, तोलण्याच्या जागी मोजावी. हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही."

काका चहा घेऊन आत आले आणि सरांनी त्यांनाही बसवून घेतलं.

"परवा ट्रकवाले म्हणाले, दुसऱ्या लॅबकडे जाईन," सर म्हणाले. "मी हसलो. हसायला नको होतं. आपण अनुदान कशासाठी मागतो? गिऱ्हाईक नाराज झालं तरी खरं सांगता यावं म्हणून. आता सरकार हे आपलं गिऱ्हाईक झालंय."

"ते सगळ्यात भाव खाणारं गिऱ्हाईक," काका म्हणाले.

"मग त्यालाही खरं सांगू. हे आपल्याला आज जमलं नाही तर अनुदान मिळून तरी उपयोग काय? कोरड्या खोलीत बसून ओली प्रमाणपत्रं द्यायची?"

काका म्हणाले, "आणि बंद पडली लॅब, तर मी ट्रकवाल्यांकडे लागतो. त्यांना माझ्यावर भारी माया."

सरांनी माझा मसुदा घेतला. "माझ्या चुकीमुळे" असं मी लिहिलं होतं. त्यांनी "माझ्या" खोडून "आमच्या" केलं. मी म्हटलं, हे तंत्रदृष्ट्या अचूक नाही. ते म्हणाले, "मिलिग्रॅम, एखाद्या गोष्टीत तरी माझं ऐक."

ऐकलं.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिची सही आहे, तिला बोलावतील, शाळेत लोक बोलतील, हे सगळं नीट समजावलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. मी फार तांत्रिक बोलले असेन.

"मोजणीच्या साहेबांना मी कूलरचं सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते म्हणाले, बाई, बेरीज जुळली, आता घरी जा."

मग तिने कपाटातून एक कागद काढून दिला. क्रीडागृहाचा नकाशा: दारं, कूलर, दोन्ही टेबलं, कुठल्या टेबलावर कुणाचा गठ्ठा. अंतरं पावलांनी मोजलेली. मी सांगितलं असतं तरी यापेक्षा नीट काढता आला नसता. कोपऱ्यात तारीख ११ मे. आज १९ आहे, म्हणून मी दुरुस्त करायला पेन उचललं.

"राहू दे," आई म्हणाली. "बरोबर आहे ती."

बुधवार, २० मे

पत्र आज गेलं. तीन प्रती, एकाच टपालाने, एकाच वेळी. मी टपाल कार्यालयात उभी राहून तिन्हींवर एकाच मिनिटाचा शिक्का पडताना पाहिला. परत येताना चालत आले. पाच वर्षांत पहिल्यांदा प्रयोगशाळेची पाटी नीट वाचली. बाहेरून बरी दिसते.

काकांनी विचारलं, "काय वाटतंय?"

"हलकं," मी म्हटलं, आणि मग दोघंही हसलो.

प्रत इथे उतरवून ठेवते.

प्रति, निवडणूक निर्णय अधिकारी.
प्रत: दोन्ही उमेदवार.

१. दिनांक ११ मे रोजी मतमोजणीसाठी वापरलेल्या दोन्ही काट्यांचं प्रमाणपत्र आम्ही मागे घेत आहोत.

२. काटे बिघडलेले नव्हते. कागद हवेतला ओलावा घेतो, ही अट आमच्या चुकीमुळे प्रमाणपत्रात आली नाही. दोन टेबलांवरची हवा वेगळी होती. नकाशा जोडला आहे.

३. यामुळे होणारा फरक दोन उमेदवारांमधल्या अंतराएवढा असू शकतो. निकाल चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. तो बरोबर आहे असंही म्हणू शकत नाही.

४. बेरीज जुळते, हा पुरावा धरू नये. ती का जुळते, याची रीत सोबत जोडली आहे.

५. मतपत्रिका सीलबंद आहेत. हाताने मोजल्यास एका दिवसात उत्तर मिळेल. मोजणीसाठी प्रयोगशाळेतले सर्वजण विनामूल्य येऊ. कुठल्याही टेबलावर बसू, तिथे कूलर असो वा नसो.

सह्या: प्रयोगशाळाप्रमुख, तपासणी अधिकारी, यंत्रदुरुस्ती विभाग, पहिल्या टेबलावरील मोजणी कारकून.

तक्रारीची मुदत २६ मे रोजी संपते. म्हणून कृपया सोमवार, २५ मे, सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर द्यावे.